पद्मिनीचं प्रॅक्टिकल

आपल्या सिलॅबसमध्ये इंजिन आहे, क्लच आहे, ब्रेक आहे, डिफरन्शियल आहे. सगळं आहे, फक्त गाडी नाही! वर्कशॉपमधलं रंगवलेलं कट-सेक्शन मॉडेल आपण लांबून बघतो, जर्नलमध्ये त्याची आकृती काढतो आणि व्हायवाला "ओटो सायकल सांगा" म्हटलं की घडाघडा म्हणून दाखवतो. पण एखादी बंद पडलेली गाडी समोर उभी करून "कर चालू" असं कुणी म्हटलं, तर आपल्यापैकी किती जण हात घालतील?

म्हणून या वर्षी मराठी विभागाला कविता न देता हा लेख देते आहे. (कवितांना सिव्हिलची मंडळी समर्थ आहेत!) माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ संपादकांनी सांभाळून घेतलंय. आकडेमोड मात्र माझी आहे. कॅल्क्युलेटर घेऊन तपासायला हरकत नाही.

विषय आहे आमच्या कोल्हापूरच्या घरी पत्र्याच्या शेडखाली सात वर्षं उभी असलेली, १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. बाबांचं मत होतं की भंगारात द्यावी. आजोबांचं म्हणणं एवढंच की एकदा तिच्यातून पन्हाळ्याला जायचं, घरच्या चौघांनी. आजोबा आता ८१ वर्षांचे आहेत. म्हणजे या प्रोजेक्टला सबमिशनची तारीख आहे, फक्त ती नोटीस बोर्डावर लागलेली नाही.

गाडीची ओळख

पद्मिनी ही मूळची इटलीची फियाट ११००. सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांच्या उद्योगसमूहाने १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी काढली आणि मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यातून या गाड्या बाहेर पडू लागल्या. १९६४ मध्ये '११०० डिलाइट' आली. सत्तरच्या दशकात तिचं नाव आधी 'प्रेसिडेंट' आणि मग 'पद्मिनी' झालं. लोक मात्र शेवटपर्यंत 'फियाट'च म्हणत राहिले. मुंबईची काळी-पिवळी म्हणजे हीच गाडी. त्यातली शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून गेली.

इंजिन चार सिलिंडरचं, पुशरॉडवर चालणारं. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचं. बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर. गुणाकार केला की १०८९ सीसी. ताकद साधारण ४० हॉर्सपॉवर, म्हणजे आजच्या लहानात लहान हॅचबॅकपेक्षाही कमी. गिअर चार, तेही स्टिअरिंगच्या दांड्यावर. चाकांना चारही ड्रम ब्रेक. वेगळी चासी नाही, बॉडी हाच सांगाडा. हे शेवटचं वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

हॉस्टेलवर ही बातमी कळल्यावर सल्ल्यांचा पाऊस पडला. "इंजिन बदल", "टर्बो लाव", "डिझेल टाक". कुणीही "ब्रेक कर" म्हणालं नाही. हा लेख मुख्यतः त्या सगळ्यांसाठी आहे.

आधी कागद, मग पाना

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर दर पाच वर्षांनी आरटीओत गाडी दाखवून नूतनीकरण करावं लागतं, शिवाय पर्यावरण कर. आमचं नूतनीकरण जवळ आलं होतं, म्हणून पहिला दिवस फाइल शोधण्यात गेला. आरसीवरचा इंजिन नंबर आणि चासी नंबर गाडीवरच्या नंबरांशी जुळतो का ते आधी बघा. जुळत नसेल तर बाकीचा खर्च करण्याआधी थांबा.

दुसरी गोष्ट, मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. आरसीत नोंदलेल्या आणि कंपनीने ठरवलेल्या गोष्टींत मालकाला मनाने बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केलं. इंजिन किंवा इंधन बदलायचं तर आधी परवानगी लागते. ब्रेकसारख्या बदलाबद्दलही आरटीओत विचारून लेखी घेतलेलं चांगलं.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांचे नियम आले. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली गाडी त्यात नोंदता येते. पण अट अशी की ती मूळ रूपात हवी, चासी, बॉडी किंवा इंजिनमध्ये बदल केलेला चालत नाही. आमची गाडी २०२८ मध्ये पन्नाशी गाठेल. आज हौसेने दुसरं इंजिन कोंबलं की तो दरवाजा कायमचा बंद. म्हणून मी एक नियम केला, जो बदल पुन्हा उलटा फिरवता येईल तोच करायचा. कापायचं नाही, नवं भोक पाडायचं नाही, काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून खोक्यात ठेवायचा.

उघडण्याआधी मोजा

आमच्या ओळखीचे मिस्त्री गाडी बघून म्हणाले, "ताई, सात वर्सं उभी हाय. इंजिन उतरवू आन् बोअर मारून टाकू." बोअर मारणं म्हणजे झिजलेले सिलिंडर थोडे मोठे करून ओव्हरसाइज पिस्टन घालणं. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगर हाकेच्या अंतरावर असल्यामुळे हे काम अवघड नाही. पण लागणार आहे का, हा प्रश्न आधी.

मी म्हटलं, "मामा, आधी कॉम्प्रेशन बघू." प्लगच्या भोकातून प्रत्येक सिलिंडरमध्ये थोडं तेल सोडलं, एक दिवस थांबलो आणि इंजिन हाताने फिरवून मोकळं केलं. मग गेज लावून स्टार्टर मारला. रीडिंग असे आले: १२०, ११८, ८५, ११७ पीएसआय. तिसऱ्या सिलिंडरमध्ये गडबड आहे हे कुणीही सांगेल. पण कुठे? त्या सिलिंडरमध्ये आणखी चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजायचं. रीडिंग चढलं तर रिंगा किंवा बोअर झिजलाय, कारण तेलाने ती फट तात्पुरती बुजली. चढलं नाही तर गळती वरून आहे, व्हॉल्व्ह नाहीतर हेड गॅस्केट. आमचं ८५ चं ८७ झालं. म्हणजे बोअर ठीक, दोष वरचा. फक्त हेड उतरवलं, तर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह सीटवर नीट बसत नव्हता. बोअर, पिस्टन, रिंगा हा सगळा खर्च एका चमचाभर तेलाने वाचला! मिस्त्रीमामांनी गेज हातात घेऊन उलटसुलट बघितलं आणि म्हणाले, "ह्ये बरं हाय की!" आता तेही ते मागून नेतात.

जाता जाता एक गैरसमज. "बोअर मारला की गाडी पळते" असं बरेच जण सांगतात. बोअर ०.४ मिलिमीटरने वाढवून ६८.४ केला तर इंजिन १०८९ चं ११०२ सीसी होतं. वाढ १.२ टक्के. गाडी पळते ती गळती थांबल्यामुळे, सीसी वाढल्यामुळे नाही.

हेड उतरवलंच आहे तर दोन कामं करून घ्या. पहिलं, सपाटी. ॲल्युमिनियम बिडाच्या साधारण दुप्पट प्रसरण पावतं. इंजिन एकदा जरी भरपूर तापलं असेल तर हेड वाकलेलं असू शकतं. स्ट्रेट एज आडवी-तिरपी ठेवून खालून फीलर गेज सरकवून बघा. वाकलं असेल तर लागेल तेवढंच घासून घ्या, कारण जास्त घासलं की कॉम्प्रेशन रेशो वाढतो आणि इंजिन ठोके मारायला लागतं. दुसरं, एक्झॉस्टच्या सीट. जुन्या पेट्रोलमध्ये शिसं असायचं आणि ते व्हॉल्व्ह-सीटमध्ये वंगणासारखं काम करायचं. २००० साली देशभर शिसेविरहित पेट्रोल आलं. तेव्हापासून मऊ सीट हळूहळू खाली खचतात. कडक धातूच्या सीट बसवून घेतल्या की ही काळजी संपते आणि बाहेरून गाडी होती तशीच दिसते.

गंज म्हणजे फक्त रंगाचा प्रश्न नाही

आता ते 'लक्षात ठेवा' वालं वाक्य. पद्मिनीला वेगळी चासी नाही, त्यामुळे दाराखालचा उंबरठा आणि फरशीचा पत्रा हेच तिचे बीम आहेत. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्समध्ये आपण बॉक्स सेक्शन शिकलो, तो हाच. वरून रंग छान असतो आणि आतून पत्रा पापडासारखा झालेला असतो. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने सगळीकडे ठोकत जा. टणक आवाज आला तर ठीक, दबका आला तर संशय. सडलेला उंबरठा कापण्याआधी दाराच्या चौकटीत आडवा पाइप लावून चौकट पक्की करायची, नाहीतर गाडी मधोमध वाकते आणि पुन्हा दार बसत नाही. पुटी आणि फायबर लावून भोकं बुजवणं म्हणजे बीमला कागद चिकटवणं.

माझा मुख्य मुद्दा : आधी थांबता आलं पाहिजे

इथे थोडं गणित. रिकामी गाडी साधारण ९०० किलो. चौघे आणि सामान धरून १२०० किलो घेऊ. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग भागिले दोन. ताशी ६० किलोमीटरला ती १६७ किलोज्यूल येते. ८० ला २९६ आणि १०० ला ४६३. वेग ६० चा ८० झाला, म्हणजे एक तृतीयांशाने वाढला, पण ब्रेकचं काम पावणेदोन पटीहून जास्त वाढलं. इंजिन मोठं करणाऱ्याने हा तक्ता हॉस्टेलच्या भिंतीवर लावावा.

आता पन्हाळा. कोल्हापूर ते पन्हाळा चढ सुमारे ४०० मीटरचा धरू. खाली येताना तेवढीच स्थितिज ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते. १२०० गुणिले ९.८१ गुणिले ४००, म्हणजे सुमारे ४७ लाख ज्यूल. साठच्या वेगातून गाडी पूर्ण थांबवायला लागते त्याच्या २८ पट! यातली काही हवेच्या आणि टायरच्या अवरोधात जाते. उरलेली एकतर इंजिन खातं नाहीतर ब्रेक. म्हणूनच एसटीचे जुने ड्रायव्हर सांगतात की ज्या गिअरमध्ये घाट चढलात त्याच गिअरमध्ये उतरा. न्यूट्रल टाकून पेट्रोल वाचवणाऱ्याने सगळे ४७ लाख ज्यूल चार ड्रमच्या हवाली केलेले असतात.

ड्रम तापला की प्रसरण पावतो आणि लायनरपासून लांब जातो. पेडल खाली खाली जातं. लायनरचं घर्षणही कमी होतं. याला फेड म्हणतात. त्यात ब्रेक ऑइल जुनं असेल तर आणखी भर. ब्रेक ऑइल हवेतली आर्द्रता ओढतं. डॉट ३ प्रतीचं ताजं ऑइल २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषलेलं १४० ला. डॉट ४ चे आकडे २३० आणि १५५. ऑइल उकळलं की नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, ऑइल दाबलं जात नाही, त्यामुळे पेडल थेट फळीला टेकतं. सात वर्षं उभ्या गाडीतल्या ऑइलचं काय झालं असेल, कल्पना करा.

आमच्या गाडीत आणखी एक गोष्ट होती. मास्टर सिलिंडर एकच, सर्किट एकच. चारांपैकी एका चाकाची रबरी नळी फुटली तर चारही चाकांचे ब्रेक जाणार. म्हणून आमच्या कामाचा क्रम असा ठरला:

१. चारही रबरी नळ्या नव्या, गंजलेल्या धातूच्या नळ्याही नव्या.
२. व्हील सिलिंडरचे रबर नवे, लायनर नवे, ड्रम लेथवर गोल करून घेतलेले. ड्रम घासण्याची एक मर्यादा असते, ती ओलांडली की ड्रम फेकायचा.
३. ऑइल पूर्ण काढून ताजं डॉट ४.
४. दोन सर्किटचा टँडम मास्टर सिलिंडर. एक सर्किट गेलं तरी दुसरं राहतं. पेडल सैल लागेल, पण गाडी थांबेल.

यानंतर पुढच्या चाकांना डिस्क. पुढच्याच का? ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे झुकतं. दोन चाकांतलं अंतर २.३४ मीटर, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, मंदन ०.६ जी असं धरलं तर पुढच्या चाकांवर सुमारे १५०० न्यूटन, म्हणजे साधारण १५० किलोंचा भार वाढतो आणि मागचा तेवढाच कमी होतो. जिथे भार तिथे पकड. डिस्क मोकळ्या हवेत असते, लवकर थंड होते आणि तापली तरी पॅडपासून लांब पळत नाही.

पण डिस्क लावताना तीन गोष्टी विसरू नका. एक, ड्रमचा पुढचा शू स्वतःच फिरण्याच्या दिशेने आत ओढला जातो, त्यामुळे कमी जोरात काम होतं. डिस्कमध्ये ही मदत नाही, म्हणून व्हॅक्यूम बूस्टर लागतो. दोन, ड्रमच्या मास्टर सिलिंडरमध्ये नळीत थोडा दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह असतो. तो डिस्कच्या सर्किटमधून काढला नाही तर पॅड घासत राहतात. तीन, बूस्टरला ओढ इंजिनकडून मिळते. इंजिन बंद केलं की दोन-तीन वेळा दाबण्यापुरती मदत उरते. बूस्टर असलेली गाडी उतारावर बंद करणं म्हणजे घाटात स्वतःचा पाय बांधून घेणं.

पहिली चार कामं झाली आहेत. डिस्कसाठी आरटीओत अर्ज दिलाय, त्याचं उत्तर यायचंय.

मग पेट्रोल, मग ठिणगी, मग दिवे

आज पंपावर मिळणारं पेट्रोल २० टक्के इथेनॉलचं आहे. १९७८ च्या रबरी नळ्या आणि पेट्रोल पंपाचा पडदा त्यासाठी बनलेले नाहीत. ते फुगतात, मऊ पडतात आणि गरम इंजिनवर पेट्रोल गळलं तर काय होतं ते सांगायला नको. इथेनॉल सहन करणाऱ्या नळ्या आणि पडदा बसवा. टाकीतला गंज साफ करा, कारण इथेनॉल पाणी ओढतं. कार्ब्युरेटरचंही गणित बदलतं. शुद्ध पेट्रोलला वजनाने १४.७ पट हवा लागते, या मिश्रणाला साधारण १३.५ पट. जुन्या जेटवर इंजिनला इंधन सुमारे ८ टक्के कमी पडतं आणि ते जास्त तापतं. जेटचं क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गावर अवलंबून असतं, म्हणून व्यास साधारण ४ टक्क्यांनी मोठा पुरतो. प्लगचा रंग बघत जा. फिकट तपकिरी चांगला, पांढरा असेल तर इंधन कमी.

ठिणगीचं बघा. चार सिलिंडरच्या इंजिनला एका फेरीत दोन ठिणग्या लागतात. ४८०० फेऱ्यांना मिनिटाला ९६००, म्हणजे सेकंदाला १६०. इतक्या वेळा तो छोटा प्लॅटिनम पॉइंट उघडतो आणि मिटतो. झिजतो, काळा पडतो, टायमिंग हलतं. त्याच डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसणारं इलेक्ट्रॉनिक किट लावलं की कटकट मिटते. बाहेरून काही दिसत नाही आणि जुना पॉइंट, कंडेन्सर खोक्यात राहतो.

दिवे पिवळे आणि मंद का असतात? सगळा करंट डॅशबोर्डच्या जुन्या स्विचमधून जातो आणि वाटेत व्होल्टेज गळतं. बल्बला १० टक्के व्होल्टेज कमी मिळालं तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. दोन रिले, एक फ्यूज आणि जाड वायर. संध्याकाळभराचं काम आणि खर्च आपल्या मेसच्या बिलापेक्षा बराच कमी.

ताकद वाढवण्याचा मुद्दा माझ्या यादीत शेवटी आहे आणि खरं सांगायचं तर त्याच्यापर्यंत मी पोचणारच नाही. व्हॉल्व्ह नीट बसले, टॅपेट लावले, टायमिंग जमलं की ४० पैकी जे हॉर्सपॉवर कुठेतरी हरवले होते ते परत येतात. पन्हाळ्याला तेवढे पुरतात. पन्नास वर्षांपूर्वीही पुरत होते.

घरी काम करणाऱ्यांसाठी चार नियम

नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली कधीही जाऊ नका. स्टँड लावा, गाडी हलवून बघा, मगच आत शिरा. बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी काढा. जुन्या ब्रेक आणि क्लचच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं, त्यामुळे ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने किंवा तोंडाने फुंकू नका. मास्क लावा आणि ओल्या फडक्याने पुसा. आणि प्रत्येक भाग काढण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या. सबमिशनच्या आदल्या रात्री जर्नल कॉपी करता येतं, पण कार्ब्युरेटर कॉपी करायला कुणाचा मिळत नाही!

गाडी गेल्या महिन्यात स्वतःच्या इंजिनवर अंगणात पुढे-मागे झाली. बाबांनी भंगारवाल्याचा नंबर अजून ठेवलाय, पण ब्रेकचं ऑइल त्यांनीच आणून दिलं. फिटनेसची तपासणी व्हायची आहे. ती झाली की आधी सपाट रस्त्यावर ५० किलोमीटर, मग जोतिबाच्या पायथ्यापर्यंत, मग घाट. आजोबा दर रविवारी फोनवर एकच विचारतात, "ब्रेक लागतात का गं आता?" सगळ्या हॉस्टेलमध्ये कुणाला न पडलेला प्रश्न. घाट त्यांनी चालवला आहे, आपण नाही.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी